ऐंशी गुणांचा फरक

बटुमी. जॉर्जियातलं काळ्या समुद्राकाठचं शहर. तारीख २८ जुलै २०२५. महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम लढत दोन क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळ घेऊन खेळायच्या, डावांनंतरही सुटलेली नाही.

पटाच्या एका बाजूला कोनेरू हंपी. वय ३८, रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, २५४३. समोर नागपूरची दिव्या देशमुख. वय १९, रेटिंग २४६३. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली. दिव्याचा तेव्हा जन्मही व्हायचा होता.

हा ऐंशी गुणांचा फरक म्हणजे नेमकं किती? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसवलेल्या गणितानुसार, असे शंभर डाव झाले तर वरच्या खेळाडूच्या पदरात साधारण ६१ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) पडावेत, खालच्याच्या ३९. म्हणजे पारडं झुकलेलं, पण फार नाही. शिवाय कमी रेटिंगवाल्याचा एक फायदा असतो. डाव बरोबरीत सुटला, तरी त्याचं रेटिंग थोडं वाढतं, वरच्याचं उतरतं.

आता टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायला खेळायचे जलद डाव. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, वर दर चालीला दहा सेकंद. इथे तर हंपी आणखीच भारी वाटावी, कारण सातच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये तिने जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद दुसऱ्यांदा पटकावलं होतं.

पण पंधरावं मानांकन असलेली दिव्या इथवर काही नशिबाने आलेली नाही. दुसरी मानांकित झू जिनर आणि नंतर द्रोणवल्ली हरिका, दोघींना तिने टायब्रेकमध्येच गारद केलं. उपांत्य फेरीत हरली ती माजी जगज्जेती तान झोंगयी.

पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात हंपीकडे पांढरी मोहरी. डाव लांबत गेला, हंपीचं घड्याळ सरत आलं. अखेरच्या टप्प्यात चुका दोघींच्या हातून झाल्या. महागात पडल्या त्या हंपीच्या. तिने डाव सोडला. काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली.

गंमत बघा. टायब्रेकचे डाव क्लासिकल रेटिंगमध्ये धरतच नाहीत. त्या यादीपुरतं बोलायचं, तर विश्वचषकाच्या अंतिम लढतीने दिव्याला दिले जेमतेम दोन गुण, तेही दोन बरोबऱ्यांचे! ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म (स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी म्हणजे एक नॉर्म) आणि २५०० रेटिंग लागतं. बटुमीला आली तेव्हा दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, आणि त्या दुपारी दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.