फोनवर सांगता येणारा पेपर

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : पेपर, म्हणजे शोधनिबंध, किती? दुसरा, कुठे छापले? त्या पेपरात लिहिलेलं पुढे कुणी वापरलं का, हे मात्र टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसूनही मी कधी ऐकलेलं नाही. म्हणून आज एका माणसाची यादी तुमच्यापुढे वाचणार आहे, वर्षांच्या क्रमाने. माणूस महाडचा, डॉ. हिंमतराव बावस्कर. विषय विंचू.

१९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू पेंढ्यात, कौलाखाली, सरपणात, चपलेत, कुठेही सापडतो. त्याचा दंश झाला की ठणका मारतोच. पण माणूस दगावतो तो ठणक्याने नव्हे. विषामुळे चेतातंतूंतले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात, शरीरात ॲड्रेनॅलिनचा नुसता पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, आणि त्या भाराखाली हृदय थकलं की फुप्फुसात पाणी होतं. सकाळी लावणीला गेलेला धडधाकट माणूस रात्री तोंडाला फेस येऊन जातो.

आता यादी. १९८२, ‘लॅन्सेट’ हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिक. या पेपरात औषध नाही, नुसती लक्षणं आहेत. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि पुरुषांत लिंगाला येणारी ताठरता. ही दिसली की हृदयावर घाला पडणार, हे आधीच ओळखायचं. यातलं एकही लक्षण पाहायला यंत्र लागत नाही, हे लक्षात घ्या. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून, फोनवरून उपचार सांगण्याच्या, मला सगळ्यात आवडणाऱ्या पेपरांत मी हा धरतो, आणि त्यात टेलिमेडिसिन हा शब्दच नाही!

तोवर विंचूदंशावर ॲट्रोपिन, स्टेरॉईड, गुंगीच्या इंजेक्शनांचं मिश्रण, असं बरंच काही टोचलं जात होतं. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते चालतं, पण थेंबाथेंबाने द्यायचं, बीपीवर सतत डोळा ठेवायचा. एक डॉक्टर आणि एक सिस्टर असलेल्या केंद्रात हे कसं जमावं? मग प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. १९८६, पुन्हा ‘लॅन्सेट’. पश्चिम भारतात गंभीर दंशाच्या शंभरातले पंचवीस-तीस जात होते, ते प्रमाण गोळी आल्यावर एकाच्या आसपास आलं.

इथे यादी संपली असती तरी पुरे होतं. मला मात्र पुढचा भाग जास्त भावतो. १९९१ चा पेपर शीर्षकातच विचारतो : प्रतिविष, म्हणजे विंचवाच्या विषावरचा उतारा, हवंच का? २००७ मध्ये ‘जॅपी’त, म्हणजे भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात, दोन्हींची तुलना येते, कौल प्राझोसिनकडे. आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांची चाचणी : निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण सावरले, प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२. नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. म्हणजे ज्या गोळीने नाव दिलं, तिच्या एकटीच्या बळाची मर्यादा त्यांनी स्वतःच मोजून छापली. यादीतले पेपर मोजणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही. त्याच्या तक्त्यात १९९१ ला एक गुण आणि २०११ ला एक गुण.

टेलिमेडिसिनवर हल्ली खूप लिहिलं जातं. २५ मार्च २०२० ला केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, ई-संजीवनी ही सरकारी ऑनलाइन सल्ला सेवा वाढली, त्यावर पेपरही वाढले. त्यातले बरेच कॅमेरा, ॲप आणि रुग्णांचं समाधान यांच्याभोवती फिरतात. माझी तक्रार एवढीच, की तातडीच्या वेळी दुरून सांगण्याजोगं नेमकं काय आहे, याचा शोध त्यात कमी दिसतो. तार लांबवायचं काम तर लायडनला आइन्थोव्हेननी १९०६ सालीच छापलं होतं : इस्पितळातल्या रुग्णाचा हृदयालेख (ईसीजी), टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत.

रात्री साडेअकराला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिथल्या डॉक्टरचा फोन येतो. “सर, सात वर्षांचा मुलगा, विंचू.” मी विचारतो, उलटी? घाम? हातपाय? “गार आहेत सर.” मग वजनाप्रमाणे गोळी, दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होऊन शिरा दिसू लागेपर्यंत. प्रतिविष आहे का बघ. १०८ ला सांगून ठेव. एवढं मिनिटभरात होतं. मग मी फोन मुलाच्या आईकडे द्यायला सांगतो. प्राझोसिनच्या पहिल्या गोळीनंतर उभं केलं की बीपी एकदम खाली येतं, आणि रडणाऱ्या पोराला आई पहिल्यांदा काय करते? कडेवर घेते. तिला मी सांगतो, “ताई, आडवंच राहू द्या त्याला. तुम्ही शेजारी आडव्या व्हा.”