पतंगाच्या सत्तर वर्षं आधीचा बग

सॉफ्टवेअरमधल्या चुकीला बग, म्हणजे किडा, का म्हणतात, असं विचारलं तर या सभागृहात बरेच हात वर येतील आणि उत्तर बहुतेक एकच येईल: हार्वर्डच्या संगणकात एक पतंग, म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालतो तो किडा, अडकला होता, म्हणून. पतंगाची गोष्ट खरी आहे, तिचा लेखी पुरावा आहे. नाव मात्र त्या पतंगावरून पडलेलं नाही. ते कुठून आलं हे पाहिलं, तर आपण रोज ज्या चुकांशी झगडतो त्यांचं स्वरूप जास्त नीट कळतं, असं मला वाटतं. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी पतंग पाहू. तारीख ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकी नौदलासाठी हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचं यंत्र बांधलं होतं. त्याचा सगळा कारभार रिलेंवर चालायचा. गुंडाळीतून वीज गेली की लोखंडी पट्टी ओढली जाते, दोन संपर्कबिंदू टेकतात आणि सर्किट पूर्ण होतं, हे रिलेचं काम. घरच्या स्टॅबिलायझरमधून ‘टक्’ असा आवाज येतो, तो रिलेचाच. मार्क टूमध्ये असे हजारो रिले होते, आणि संपर्कबिंदूंच्या मध्ये काही आलं की तिथला हिशेब बिघडायचा.

यंत्र चालवणारे रोजची नोंदवही ठेवत. त्या दिवसाचं पान सकाळी ८ वाजता सुरू होतं. ११ वाजता कोसाइनची टेप चढवली. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी गुणाकार-बेरजेची चाचणी लावली. ३ वाजून ४५ मिनिटांची नोंद अशी: रिले क्रमांक ७०, पॅनेल एफ, रिलेत पतंग. तो मेलेला पतंग चिकटपट्टीने त्याच पानावर लावला आहे आणि खाली इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ: ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना.’ ही वही आज वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

आता त्या ओळीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द बघा. बग हा शब्द त्या खोलीत रोज वापरात नसता, तर असं कोणी लिहिलंच नसतं. यंत्र अडलं की ही मंडळी ‘बग आहे’ म्हणतच होती. त्या दिवशी खराखुरा किडा हाती लागला, म्हणून त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी तो जपून ठेवला. म्हणजे जे पान शब्दाचा जन्मदाखला म्हणून दाखवलं जातं, तेच पान शब्द जुना असल्याची साक्ष देतं.

या गोष्टीला ग्रेस हॉपर यांचं नाव चिकटलं आहे. हॉपरबाई मूळच्या गणिताच्या. येल विद्यापीठातून १९३४ साली डॉक्टरेट, मग कॉलेजात अध्यापन, युद्धात नौदलात भरती आणि १९४४पासून हार्वर्डच्या यंत्रांवर काम. पुढे त्या आपल्या भाषणांतून पतंगाची गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती जगभर पोहोचली. पण पतंग आपण शोधला असा दावा त्यांनी केला नाही. तो यंत्र चालवणाऱ्यांना सापडला. बाईंचं स्वतःचं काम इतकं मोठं आहे की त्यांना उसन्या श्रेयाची गरजच नाही. १९५२ साली त्यांनी ए-झिरो हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या हुकुमांत उतरवून देणारा प्रोग्रॅम, केला आणि प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत बदलण्याला हात लावला. ‘बग शोधणारी बाई’ एवढीच त्यांची ओळख पोरांच्या डोक्यात राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग शब्द आला कुठून? त्यासाठी तारायंत्रांच्या काळात जावं लागतं. १८७४ साली थॉमस एडिसनने क्वाड्रुप्लेक्स तारयंत्र तयार केलं. एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश: दोन इकडून तिकडे, दोन तिकडून इकडे. नव्या तारा ओढायचा खर्च वाचणार, म्हणून कंपन्यांना त्याची भारी ओढ. एका दिशेचे दोन संदेश वेगळे कसे ठेवायचे? एक संदेश प्रवाहाची दिशा उलटसुलट करून पाठवायचा, दुसरा प्रवाहाचा जोर कमी-जास्त करून. पलीकडे एक रिले फक्त दिशा ओळखणार, दुसरा फक्त जोर. कागदावर बिनतोड योजना.

पण दिशा उलटताना प्रवाह क्षणभर शून्यावरून जातो. जोर ओळखणाऱ्या रिलेला वाटतं, जोर गेला. तो सुटतो, आणि चांगल्या चाललेल्या खुणेत नसलेला खंड पडतो. तार शाबूत, बॅटरी ठीक, रिले ठीक, दोन्ही योजना आपापल्या जागी बरोबर. तरी त्या एकत्र आल्या की संदेश बिघडतो. आणि तोही नेहमी नाही, दोन्ही संदेशांची वेळ तशी जुळली तरच. इथे बसलेल्या ज्यांनी दोन थ्रेडमधला, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमधला, घोळ रात्र रात्र शोधला असेल, त्यांना हे दुखणं लगेच ओळखू येईल. अशा दोषाला एडिसन बग म्हणायचा आणि त्यावर काढलेल्या तोडग्याला ‘बग ट्रॅप’.

१३ नोव्हेंबर १८७८ला हंगेरीच्या टिवाडार पुश्काश या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या शोधांची रीत सांगितली आहे. आधी कल्पना सुचते, झपाट्याने सुचते, मग अडचणी येतात. हे आणि ते चालेनासं होतं, बग डोकं वर काढतात, आणि धंद्यात यश की अपयश ते ठरायच्या आधी महिनोन्‌महिने निरखणं, अभ्यास आणि मेहनत लागते. त्याने बग या शब्दाचा अर्थही तिथेच दिला आहे: अशा बारीकसारीक दोषांना आणि अडचणींना म्हणतात तो. ‘म्हणतात’, म्हणजे तेव्हाही शब्द चारचौघांच्या तोंडी होता. १८९६च्या एका विद्युतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तर, उपकरणातल्या कुठल्याही दोषाला बग म्हणतात आणि तो शब्द क्वाड्रुप्लेक्समधून आला असं सांगतात, अशी सरळ नोंद आहे. तिथून तो विजेच्या आणि विमानांच्या कारखान्यांत फिरत फिरत संगणकवाल्यांपर्यंत आला.

माझं म्हणणं असं की ही जुनी गोष्ट पतंगापेक्षा आपल्या कामाला जास्त लागू पडते. पतंग बाहेरून आला होता. चिमट्याने उचलला, काम संपलं. क्वाड्रुप्लेक्सचा बग रचनेतच होता, आणि प्रोग्रॅममधले बग तसेच असतात. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राबद्दल एडा लव्हलेसने १८४३ सालीच लिहून ठेवलं होतं की यंत्र स्वतः अचूक चालत असलं तरी त्याला दिलेली भोकं पाडलेली कार्डं चुकीचे हुकूम देऊ शकतात. मॉरिस विल्क्स यांनी ते अनुभवलं. केंब्रिजच्या त्यांच्या एडसॅक संगणकाने ६ मे १९४९ला पहिला प्रोग्रॅम चालवला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, टेप तयार करण्याच्या खोलीकडे जाताना जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे.

डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांना तर बग हा शब्दच नको होता. १९८८ साली त्यांनी लिहिलं की सरळ ‘चूक’ म्हणा, म्हणजे जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर येईल. आपण पाठ फिरवली असताना किडा आत शिरला असं भासवू नका. नाव पतंगावरूनच पडलं असं धरलं तर त्यांचा राग रास्त आहे. एडिसनच्या अर्थाने पाहिलं तर मला तो शब्द सोडावासा वाटत नाही, कारण त्या अर्थात दोष आपल्याच रचनेचा आहे हे मान्यच आहे. म्हणून माझे विद्यार्थी रिपोर्टमध्ये बग असंच लिहितात. पण खाली कारणाच्या रकान्यात ‘दुरुस्त केलं’ एवढंच लिहिलेलं मी परत पाठवतो. कोणत्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर बिघाड झाला, आणि लिहिताना आपण काय गृहीत धरलं होतं, हे तिथे लिहायला लावतो.