घण खाली ठेवणारे हात

(दृश्य : सिडनी बंदर, पहाट. पुलाची कमान, समोर ऑपेरा हाउस. कॅमेरा सावकाश वळून पुलाच्या पायथ्याशी असलेल्या दगडी घरांवर थांबतो.)

सिडनी म्हटलं की हा पूल आणि ते ऑपेरा हाउस डोळ्यांपुढे येतं. दोन्ही एकाच चौकटीत मावतात. आज मात्र आपण त्या चौकटीच्या कडेला थांबणार आहोत. पुलाच्या दक्षिण टोकाशी, उतारावर, पिवळट वालुकाश्माची आणि विटांची घरं दिसतायत. अरुंद गल्ल्या, खडकातच कोरलेल्या पायऱ्या. या वस्तीचं नाव द रॉक्स.

पन्नासएक वर्षांपूर्वी सरकारी आराखड्यात इथे उंच टॉवर काढलेले होते. ही घरं त्या कागदावर नव्हतीच.

ती आज उभी आहेत, कारण पाडकामाची मजुरी ज्यांना मिळणार होती, त्या मजुरांनीच नाही म्हटलं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धक्के, शिडाची जहाजं, गल्लीतली मुलं.)

इथले मूळ रहिवासी गॅडिगल लोक या उताराला तल्लावोलादा म्हणत. त्यांचा इथला वावर हजारो वर्षांचा. १७८८ साली ब्रिटिशांची जहाजं कैदी आणि शिपाई घेऊन या बंदरात शिरली, आणि याच काठावर वसाहत सुरू झाली. पुढे इथे खलाशी आले, गोदीकामगार आले, त्यांचे संसार उभे राहिले. धक्क्यावर काम आणि धक्क्याच्या वर घर, अशी ही वस्ती.

पाडापाडी तिला नवी नव्हती. १९०० साली प्लेगची साथ आली आणि सरकारने ही सगळी जमीन ताब्यात घेतली. घरं पाडली गेली. मग १९२० च्या दशकात पुलाचं काम निघालं, त्यात आणखी शेकडो घरं गेली. १९३२ साली पूल खुला झाला, तेव्हा कित्येक कुटुंबांनी ज्या जागी दिवा लावला होता तिथे पुलाचा रस्ता होता. जे उरले, ते सरकारचे भाडेकरू म्हणून उरले. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात, पण कागदावर नाव दुसऱ्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

१९७० साली या वस्तीसाठी एक पुनर्विकास प्राधिकरण कामाला लागलं. सिडनीत तेव्हा बांधकामाची लाट होती. जुनं पाडा, उंच बांधा. वारसा जपण्यासाठी कायदा? राज्यात असा एकही कायदा नव्हता. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १९४५ पासून जुन्या वास्तूंचा अभ्यास करून त्यांच्या याद्या करत होती. यादीत नाव आलं म्हणजे मान मिळायचा. बुलडोझर काही थांबायचा नाही.

(दृश्य : पॅरामाटा नदीचा काठ. उंच झाडं, खडक, खाली शांत पाणी.)

आता थोडं नदीने वर जाऊ. ही जागा हंटर्स हिल या उपनगरातली. नाव केलीज बुश. नदीकाठी उरलेलं छोटंसं रान. इथे आलिशान घरं बांधायची योजना आली. आजूबाजूच्या तेरा बायका एकत्र आल्या. घरसंसार सांभाळणाऱ्या, सुखवस्तू घरांतल्या. मोर्चा-आंदोलनाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी सगळं रीतीने केलं. अर्ज दिले, महापौरांना भेटल्या, आमदारांना भेटल्या, राज्याच्या प्रीमियरपर्यंत, म्हणजे मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या. सगळीकडून हात हलवत परत.

मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्या ओळखीपाळखीत कुणाला सुचलं नसतं. त्या बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या.

बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन. पाया खणणारे, काँक्रीट ओतणारे, परांची बांधणारे, पाडकाम करणारे यांची संघटना. सिडनी ज्या राज्यात येतं, त्या न्यू साउथ वेल्सच्या शाखेचे सचिव जॅक मंडी हे कम्युनिस्ट होते. या बायकांचं आणि या माणसांचं राजकारण एकमेकांपासून किती लांब, हे वेगळं सांगायला नको. तरी बोलणं झालं.

युनियनने लगेच होकार दिला नाही. अट घातली. तुम्ही तेरा जणी म्हणताय ते ठीक, पण तुमच्या परिसराला हे खरंच हवंय का? जाहीर सभा घ्या आणि लोकांना विचारा. सभा झाली. सुमारे सहाशे माणसं आली आणि त्यांनी मागणी केली. त्यानंतर, जून १९७१ मध्ये, युनियनने जाहीर केलं की केलीज बुशवर आमचा एकही माणूस काम करणार नाही.

मला या सगळ्या प्रकरणात ही अट फार मोलाची वाटते. वारशाच्या नावाने मूठभरांनी आपली आवड दुसऱ्यांवर लादली, असा आरोप कुठेही होतो, आणि काही वेळा तो खराही असतो. या मजुरांनी त्यावर आधीच उत्तर शोधलं होतं. मागणी परिसरातून यायला हवी, सभेत यायला हवी, उघडपणे यायला हवी. त्याशिवाय बंदी नाही.

बिल्डरने सांगून पाहिलं, युनियनबाहेरचे मजूर आणू. त्यावर त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका अर्धवट इमारतीवरचे कामगार एकत्र जमले आणि त्यांनी कळवलं की केलीज बुशमधलं एक झाड जरी पडलं, तरी ही इमारत कायमची अशीच अर्धी राहील, त्या रानाचं स्मारक म्हणून. रान वाचलं. १९८३ साली ते लोकांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला.

युनियनने कामावर बहिष्कार घातला की तोवर त्याला काळी बंदी म्हणत. मंडींनी या नव्या प्रकाराला नाव दिलं ग्रीन बॅन. हिरवी बंदी.

(दृश्य : द रॉक्समधली गल्ली. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दारात उभी माणसं.)

द रॉक्समधल्या रहिवाशांनीही १९७१ मध्येच आपली कृती समिती केली होती. केलीज बुशची बातमी त्यांच्या कानावर आली आणि तेही युनियनकडे गेले. वर्ष संपण्याआधी इथेही बंदी लागू झाली.

बंदीचा अर्थ नीट समजून घेऊ. तिने घरं वाचवली असं म्हणणं घाईचं होईल. तिने काम थांबवलं. थांबलेल्या कामाच्या त्या मधल्या काळात लोकांनी काय केलं, यावर पुढचं सगळं ठरलं. द रॉक्सच्या लोकांनी स्वतःचा आराखडा केला. त्याचं नाव पीपल्स प्लॅन, लोकांचा आराखडा. कुठली घरं दुरुस्त करायची, नवीन कुठे आणि किती उंच बांधायचं, आणि मुख्य म्हणजे इथे राहणाऱ्यांनी इथेच राहायचं. नुसतं नको म्हणणाऱ्याला वाटेला लावता येतं. हातात पर्यायी नकाशा घेऊन बसलेल्या माणसाशी बोलावंच लागतं.

(दृश्य : ऑक्टोबर १९७३. एकीकडे ऑपेरा हाउसच्या उद्घाटनाची गर्दी, दुसरीकडे पोलिसांच्या गाड्या.)

२० ऑक्टोबर १९७३ ला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ऑपेरा हाउसचं उद्घाटन झालं. त्याच महिन्यात, खाडीच्या या बाजूला, द रॉक्समधल्या प्लेफेअर स्ट्रीटवर युनियनबाहेरचे मजूर आणून पाडकाम सुरू करायचा प्रयत्न झाला. रहिवासी आणि मजूर आडवे आले. पोलीस मंडींना हातापायांना धरून उचलून नेतायत, असा फोटो आहे. ऑस्ट्रेलियात तो आजही ओळखला जातो. पुढे २००७ मध्ये इथल्याच आर्गाइल स्ट्रीटच्या एका भागाला जॅक मंडी प्लेस हे नाव देण्यात आलं.

मजुरांच्या बाजूने एक प्रश्न विचारायलाच हवा. पाडकाम आणि बांधकाम हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांनी काम नाकारायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. मंडींनी १९७२ मध्ये सिडनी मॉर्निंग हेराल्डला पत्र लिहून आपली बाजू मांडली होती. तिचा आशय असा : आम्हाला काम हवंच आहे, पण बिल्डर सांगेल ते निमूट बांधणारी यंत्रं आम्ही होणार नाही. गरज आहे ती इस्पितळांची, शाळांची, लोकांना राहायला घरांची. ते आधी बांधू.

नॅशनल ट्रस्टने ज्या इमारतींना वारशाचा दर्जा दिलाय, त्या आम्ही पाडणार नाही, असंही युनियनने ठरवलं. अभ्यासकांची जी यादी इतकी वर्षं नुसता कागद होती, तिच्यामागे आता घण खाली ठेवणारे हात उभे राहिले. वास्तुतज्ज्ञ आणि पाडकामगार एका बाजूला येतात, तेव्हा काय घडू शकतं ते सिडनीने त्या चार वर्षांत पाहिलं.

सेंटेनियल पार्कमध्ये क्रीडा संकुल येणार होतं, ते अडलं. ऑपेरा हाउसच्या वाहनतळासाठी बोटॅनिक गार्डनजवळची जुनी झाडं तोडली जाणार होती, ती राहिली. वूलूमूलू या कष्टकऱ्यांच्या वस्तीबद्दल १९७५ मध्ये केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात करार झाला, आणि तिथे टॉवरऐवजी सामान्यांना परवडणारी घरं आली. चाळीसहून अधिक बंद्या झाल्या.

(दृश्य : व्हिक्टोरिया स्ट्रीट. झाडांची रांग, जुनी उंच घरं. आवाज थांबतो. काही क्षण फक्त रस्ता.)

या रस्त्यावर आवाज थोडा खाली आणावा लागतो. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या घरांसाठीही लढा चालू होता. वनिटा निल्सन इथे राहायच्या. एक छोटं स्थानिक वर्तमानपत्र चालवायच्या आणि भाडेकरूंना हुसकावण्याविरुद्ध त्यात सतत लिहायच्या. ४ जुलै १९७५ ला त्या एका भेटीसाठी घराबाहेर पडल्या. परत आल्या नाहीत. त्यांचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. त्यांचा खून झाला असावा, असा निष्कर्ष १९८३ मध्ये चौकशीत निघाला. खुनाबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही.

जुनी घरं वाचवणं म्हणजे फावल्या वेळचा छंद, असं कुणी म्हटलं की मला हा रस्ता आठवतो.

१९७५ मध्येच युनियनची ती शाखाही संपली. राष्ट्रीय पातळीवरच्या नेतृत्वाने हस्तक्षेप करून राज्यातल्या नेत्यांना बाहेर काढलं. बंद्या उठल्या. पण तोपर्यंत चार वर्षं गेली होती. बांधकामाची लाट ओसरली होती, लोकांची नजर बदलली होती, आणि सरकारांचीही. १९७५ मध्ये देशपातळीवर ऑस्ट्रेलियन हेरिटेज कमिशनचा कायदा झाला. १९७७ मध्ये न्यू साउथ वेल्सचा हेरिटेज अॅक्ट आला. १९७९ च्या नियोजन कायद्याने नागरिकांना योजनांवर आपलं म्हणणं मांडायचा हक्क दिला. ज्या बायकांना आठ वर्षांपूर्वी दारोदार फिरावं लागलं होतं, त्यांच्यासारख्यांना आता निदान एक दार कायद्याने उघडं होतं.

(दृश्य : पुलावरून दिसणारी काँक्रीटची इमारत. एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे मजले.)

आणि ही इमारत. नाव सिरियस. ७९ घरं. वास्तुकार ताओ गोफर्स. १९८० च्या सुमारास सरकारने ती बांधली, द रॉक्समधून हलवल्या जाणाऱ्या भाडेकरूंसाठी. हिरव्या बंदीने लोकांना मिळवून दिलेलं हे सगळ्यांत ठोस फळ. दिसायला राकट, अनेकांना कुरूप वाटणारी. पण प्रत्येक घराला उजेड, वारा, आणि समोर बंदर. जगातल्या सर्वांत महागड्या देखाव्यांपैकी एक, आणि तो पाहणारे सरकारी भाडेकरू.

२०१४ मध्ये सरकारने सिरियस आणि शेजारच्या मिलर्स पॉइंटमधली घरं विकायचं ठरवलं. राज्याच्या हेरिटेज कौन्सिलने सिरियसला वारसा म्हणून नोंदवण्याची शिफारस केली. मंत्र्यांनी २०१६ मध्ये ती नाकारली. नोंदणीने जागेची किंमत घसरेल, हे मुख्य कारण. लोक पुन्हा रस्त्यावर आले. बांधकाम मजुरांच्या युनियनने पुन्हा हिरवी बंदी घातली, आणि वयाच्या ऐंशीच्या पुढे गेलेले जॅक मंडी पुन्हा तिथे हजर होते. प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ मध्ये कोर्टाने मंत्र्यांचा निर्णय अवैध ठरवला. पुढच्या काही महिन्यांत मंत्र्यांनी नव्याने विचार केला आणि पुन्हा नकारच दिला.

तरीही सिरियस पाडली गेली नाही. २०१९ मध्ये ती १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली, आणि सांगाडा तसाच ठेवून तिचं नूतनीकरण झालं. भिंती उभ्या आहेत. घरं आता श्रीमंतांची आहेत. सुरुवातीला म्हटलं होतं, कागदावर नाव दुसऱ्याचं. ते इथे येऊन भिडलं. कायदा दगड ओळखतो, काँक्रीटही ओळखू शकतो. त्या दगडामागे तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूला ओळखायला तो अजून शिकलेला नाही, आणि हे काम अर्धंच झालंय असं मला वाटतं.

(दृश्य : रात्र. पुलावरून जाणाऱ्या गाडीतून दिसणारी सिरियस. वरच्या एका खिडकीत उजळलेली अक्षरं.)

शेवटच्या काळात या इमारतीत मोजकीच माणसं उरली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या खिडकीत दिव्यांची तीन अक्षरं लागायची. एस, ओ, एस. सेव्ह अवर सिरियस. पुलावरून घरी जाणाऱ्या हजारो लोकांना ती रोज संध्याकाळी दिसायची.

२०१८ च्या सुरुवातीला त्या बाईंनी घर सोडलं.

(दृश्य : तीच खिडकी, अंधारात. पुलावरून गाडी पुढे जाते.)