२७ बिऱ्हाडांचा वाडा आणि कागदाची आयात

मित्रहो, भारत आणि युरोपीय संघ यांच्या कागद-आयातीचा तक्ता मी वर्गात फळ्यावर मांडतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, युरोपात एवढी जंगलं आहेत, मग ते एवढा कागद बाहेरून का आणतात?’ प्रश्न रास्त आहे. चूक माझ्या तक्त्यातली आहे, आणि ती मी मुद्दाम ठेवलेली असते.

एका वाड्यात २७ बिऱ्हाडं आहेत असं समजा. एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात वाटीभर साखर गेली, तर वाड्यात बाहेरून साखर आली असं आपण म्हणत नाही. पण युरोपीय संघातल्या २७ देशांच्या आयातीची नुसती बेरीज केली की तसंच म्हटल्यासारखं होतं. फिनलंडच्या गिरणीतला कागद जर्मनीतल्या छापखान्यात पोचला की जर्मनीच्या हिशेबात ती आयात, जरी त्या वाटेवर एक पैसाही सीमाशुल्क लागत नसलं तरी. आपल्याकडे बल्लारपूरचा कागद पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात येतो, त्याला कोणी आयात म्हणतं का? म्हणून युरोस्टॅट ही संघाची सांख्यिकी संस्था आतला आणि बाहेरचा व्यापार वेगवेगळा देते. भारताशेजारी ठेवायचा तो बाहेरच्या व्यापाराचा आकडा. तो ठेवला की चित्र उलटतं : संघ बाहेरून आणतो त्यापेक्षा जास्त कागद बाहेर विकतो.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. कधी कधी एकेकट्या देशापेक्षा अख्खा प्रदेशच खरं बोलतो. जहाज रॉटरडॅमला रिकामं होतं, माल नेदरलँड्सच्या नावावर चढतो आणि पुढे जर्मनीला जातो. वाडा एकच धरला की हा घोळ मिटतो.

आता मूल्याकडे येऊ. आयातीच्या किमतीत सहसा मालाबरोबर विमा आणि बंदरापर्यंतचं भाडंही धरलेलं असतं. २०२१ मध्ये कंटेनरचं भाडं कडाडलं, तेव्हा कागदाचा एक ताव जास्त न येताही मूल्य वाढलं. २०२२ मध्ये डॉलर सुमारे ७५ रुपयांवरून ८२-८३ पर्यंत गेला. रुपयांतली वाढ पाहून कोणी ‘आयात वाढली’ म्हणालं, तर त्याला आधी टन विचारा.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते रद्दीबद्दल. जगभरच्या सीमाशुल्क वर्गीकरणात कागद आणि पुठ्ठा ४८व्या प्रकरणात येतात. लगदा आणि रद्दी ४७व्या. आपण तुलना करतो ४८ची. आणि भारताची मोठी गरज तर ४७मध्ये बसलेली आहे! वापीच्या गिरण्यांमध्ये ज्या रद्दीचा क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांचा जाड तपकिरी कागद, होतो, तिच्यात आपल्या रद्दीवाल्याने तराजूवर तोललेले गठ्ठे असतात, तशाच अमेरिकेतून आणि युरोपातून कंटेनर भरून आलेल्या गासड्याही असतात. त्या कागदाचं खोकं देशी, त्याचा धागा परदेशी. ४८चा तक्ता हे सांगतच नाही. म्हणून ज्याला भारताचं परावलंबन मोजायचं आहे, त्याने दोन्ही प्रकरणं एकत्र वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

वृत्तपत्राच्या कागदाचं तसं नाही, तो तयार रिळांतच येतो. जुलै २०१९ मध्ये त्यावर १० टक्के शुल्क बसलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. दोन्ही वेळा वृत्तपत्रांच्या हिशेबनिसांना वह्या नव्याने मांडाव्या लागल्या.

रद्दीवर मात्र आता युरोपातूनच नवा नियम येतो आहे. युरोपीय संघाचा कचरा-वाहतुकीचा नवा कायदा २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार २१ मे २०२७ पासून, जे देश ओईसीडीचे, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचे, सदस्य नाहीत, त्यांना तिथली रद्दी मिळणार ती त्यांनी मागणी केली आणि संघाने मान्यता दिली तरच. भारत ओईसीडीचा सदस्य नाही. तेव्हा पुढच्या काही वर्षांचा तक्ता मांडताना ४७व्या प्रकरणाचा रकाना आधी आखा, ४८चा नंतर.