दुष्फेन

(दृश्य: ठाण्याचा घोडबंदर रोड, सकाळचे सहा. सोसायटीच्या फाटकातून टँकर मागे मागे आत येतो.)

टँकरचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं. मग पंप लागतो, पाणी गच्चीवर चढतं, तिथून नळाला उतरतं. तेवढ्या वेळात सातव्या मजल्यावरच्या काकांचा चहा आणि पेपर उरकलेला असतो. ते आरशासमोर उभे राहतात, ओला ब्रश साबणाच्या वडीवर फिरवतात, गालाला लावतात आणि आतूनच ओरडतात, "अगं, आज टँकर आलाय!"

खिडकीतून पाहिलेलं नसतं. गालावरचा फेस सांगतो.

"पालिकेचं पाणी असलं की श्रीखंड," काका म्हणतात. "टँकर आला की फुटलेलं दूध."

(दृश्य: वहीच्या पानावर शाईने लिहिलेला एकच शब्द.)

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला एक शब्द होता: दुष्फेन. बोलताना तो कोणी वापरत नाही. आपण जड पाणी म्हणतो, क्षाराचं पाणी म्हणतो. पण ज्याने हा शब्द घडवला त्याने नेमकी खूण पकडली होती. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्याला फेस धड येत नाही, ते दुष्फेन.

आणि एके काळी पाणी खरोखर असंच मोजत. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी 19व्या शतकात ही रीत घालून दिली. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचं द्रावण थोडं थोडं घालत हलवायचं, आणि फेस 5 मिनिटं टिकेपर्यंत किती साबण गेला ते लिहायचं. काकांची रोजची दाढी म्हणजे हाच प्रयोग, फक्त वहीत नोंद नाही.

(दृश्य: येऊरच्या डोंगराचा कातळ, फटीतून झिरपणारं पाणी.)

ठाण्याच्या नळाला येतं ते मुख्यतः उल्हास आणि भातसा नद्यांचं पाणी. खाडीपलीकडे नवी मुंबईला मोरबे धरणाचं. पावसाचं पाणी, धरणात साठलेलं. खडकाशी त्याची फार घसट झालेली नसते. बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत, रेंगाळत खाली गेलेलं. मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. टँकर कुठे भरला, विहिरीवर, बोअरवर की पालिकेच्या पाण्यावर, हे सोसायटीला बहुतेक वेळा कळत नाही. काकांना कळतं.

(दृश्य: ब्रश अगदी जवळून. फेसात पांढरे कण.)

दाढीचा साबण म्हणजे स्टिअरिक आम्लाचे सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार. पाण्यात कॅल्शियम भेटलं की साबण सोडियमचा हात सोडून त्याचा धरतो. ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला, बेसिनला, नळाच्या तोंडाशी जो चिकट पांढरा साका बसतो, तो हाच.

थोडा हिशेब करू. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात, त्याला कठीणता म्हणतात. लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणता असलेलं पाणी एका लिटरमागे जवळजवळ 2 ग्रॅम साबण फुकट खातं. 15 लिटरच्या बादलीत 100 ग्रॅमच्या वडीचा पाव भाग गेला, तेव्हा कुठे फेसाला सुरुवात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 200 ची मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी प्यायला चालतं, दाढीला रडवतं.

पण ब्रशला पाणी लागतं किती? दोन-तीन चमचे. त्यात वाया जाणारा साबण 20-30 मिलिग्रॅम, चिमूटसुद्धा नाही. मग काकांचा फेस का बसतो? कारण साक्याचे कण नुसते पडून राहत नाहीत. ते बुडबुड्याच्या पातळ पडद्यात घुसून तो फोडतात. साबण शिल्लक असतो, फेस टिकत नाही. त्यावर काका आणखी पाणी घालतात. म्हणजे आणखी कॅल्शियम.

(दृश्य: पाण्यात बुडवलेला टीडीएस मीटर, आकडे स्थिरावतात.)

सोसायटीच्या बैठकीत हा पेनासारखा मीटर हमखास निघतो. तो खोटं बोलत नाही, पण सगळे विरघळलेले क्षार एकाच आकड्यात मोजतो, त्यात साधं मीठही आलं. साबणाचं वैर कॅल्शियम-मॅग्नेशियमशी आहे, आणि तेवढं वेगळं हा पेन सांगू शकत नाही. टाकीत तुरटी फिरवणारेही आहेत. तिने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, कठीणता तिथेच. दाढीनंतर गालावर फिरवायला तुरटी उत्तम, एवढं मात्र खरं.

ट्यूबमधल्या क्रीमचा फेस सहसा असा दगा देत नाही. बऱ्याच क्रीममध्ये ईडीटीए नावाचं रसायन घातलेलं असतं. ते कॅल्शियमला आधीच कवेत घेतं, साबणापर्यंत पोहोचूच देत नाही. काकांना क्रीम पटत नाही. "टूथपेस्ट गालाला लावल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी काढलेला उपाय काकूंना पटत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं वाटीभर पाणी रोज दाढीला. ब्रश त्यात भिजवायचा, फेस त्यातच करायचा, तोंड धुवायला नळ. काकूंचं म्हणणं, आरओचं पाणी डाळीसाठी आहे. त्यांचंही बरोबर. टँकरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, तिथेही कॅल्शियमच आडवं येतं.

(दृश्य: नाक्यावरचं सलून. कोपऱ्यात 20 लिटरचा जार, वर उपडा ग्लास.)

हा जार गिऱ्हाइकांना प्यायला ठेवलाय. निदान तसं दिसतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मान मागे टाकतं, डोळे मिटतं. कारागीर जाराची तोटी दाबतो, ब्रशची वाटी तिच्याखाली धरतो, आणि मिनिटभरात वाटी काठोकाठ फेसाने भरते.