दोन याद्या, दोन बोटं

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन याद्या. आकडे चढत्या क्रमाने.)

डावीकडे ३, ८, १५, २१, ४०. उजवीकडे ८, ९, २१, ३३, ४०, ५२. दोन्हीकडे असलेले आकडे शोधायचे आहेत.

प्रोग्रामिंग शिकताना आपण सगळ्यांनीच आधी लूपच्या (एकच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या सूचनेच्या) आत लूप लिहिलेला असतो. डावीकडचा एक आकडा उचलायचा, उजवीकडच्या प्रत्येकाशी ताडून बघायचा, मग पुढचा उचलायचा. उत्तर बरोबर येतं, पण पाच सक तीस वेळा ताडावं लागतं. कुणीतरी मेहनतीने याद्या क्रमाने लावून दिल्या होत्या, ती मेहनत मात्र वाया जाते.

(दृश्य: दोन्ही हातांची तर्जनी, प्रत्येक यादीच्या पहिल्या आकड्यावर.)

आता एक बोट तीनवर, दुसरं आठवर. तीन लहान, म्हणून डावं बोट पुढे सरकलं. आठ आणि आठ जुळले, लिहून घेतले, दोन्ही बोटं पुढे. पंधरा आणि नऊ: उजवं सरकलं. पंधरा आणि एकवीस: डावं सरकलं. एकवीसला एकवीस मिळाला. चाळीस आणि तेहतीस: उजवं सरकलं. चाळीसला चाळीस. डावी यादी संपली, काम संपलं. सात वेळा ताडलं आणि बावन्नकडे बघावंही लागलं नाही.

इथे क्षणभर थांबू या. तीनला आपण कायमचं सोडून दिलं, ते कशाच्या भरवशावर? समोर आठ होता, आणि आठच्या पुढचे सगळे आठहून मोठेच असणार. म्हणजे तीनचा जोडीदार तिकडे असणंच शक्य नाही. मागे वळून बघायची गरज उरत नाही, ती याच खात्रीमुळे. या पद्धतीचा सगळा जीव एवढ्यातच आहे.

प्रत्येकी एक लाख नोंदींच्या दोन याद्या घ्या. लूपच्या आत लूप असेल तर एक हजार कोटी वेळा ताडावं लागू शकतं. दोन बोटांना दोन लाखांपेक्षाही कमी.

(दृश्य: पंचकार्डांचे, म्हणजे छिद्रांच्या रूपात नोंदी ठेवलेल्या कार्डांचे, दोन गठ्ठे.)

आजच्या संगणकांच्या आधीपासून हे काम यंत्रं करत आली आहेत. अमेरिकेत १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा, कायदा झाला आणि कोट्यवधी कामगारांच्या नोंदी ठेवायची वेळ आली. १९३७ मध्ये आयबीएमने ०७७ कोलेटर हे यंत्र आणलं. दोन तोंडांतून क्रमाने लावलेले दोन गठ्ठे आत जायचे, वेग मिनिटाला २४० कार्डांचा. यंत्र दोन्हीकडच्या कार्डांवरचे क्रमांक ताडायचं आणि जुळलेली कार्डं बिनजोडीच्या कार्डांपासून वेगळी काढायचं. पुढे गेलेलं कार्ड मागे घ्यायची सोय नव्हती, आणि या पद्धतीला ती लागतही नाही.

आज तुम्ही 'येवला पैठणी' असं शोधता, तेव्हाही मुळाशी हेच असतं. प्रत्येक शब्दासाठी, तो ज्या ज्या पानांवर आहे त्यांच्या क्रमांकांची चढत्या क्रमाने लावलेली यादी तयार असते. दोन्ही याद्यांतली सामाईक पानं काढायची. एक यादी छोटी आणि दुसरी अवाढव्य असेल, तर मोठीतून एकेक पाऊल टाकण्याऐवजी एक, दोन, चार, आठ अशा वाढत्या उड्या मारतात.

(दृश्य: आडनावांच्या दोन याद्या.)

पण मराठी नावांवर काम करणाऱ्याने एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षर ओळखावं म्हणून ठरवलेल्या, क्रमांकांत तो 'ल'ला लागून, 'व'च्या आधी बसवलेला आहे. म्हणून वर्णमालेप्रमाणे लावलेल्या यादीत कासार आधी, काळे नंतर. युनिकोडप्रमाणे लावलेल्या यादीत काळे आधी, कासार नंतर.

प्रोग्राम युनिकोडप्रमाणे ताडतो आहे असं धरा आणि बोटं ठेवा. डावीकडे कासार, उजवीकडे काळे. काळे लहान ठरले, उजवं बोट पुढे. कासार जुळले, दोन्ही बोटं पुढे. आता डावीकडे काळे उभे आहेत, पण उजवी यादी संपलेली आहे.

काळे दोन्ही याद्यांत होते. उत्तरात नाहीत. प्रोग्राम अडला नाही, कुठे लाल अक्षरं दिसली नाहीत. म्हणून ताडायला बसण्याआधी दोन्ही याद्या एकाच नियमाने पुन्हा लावून घ्यायच्या, आणि ताडतानाही तोच नियम वापरायचा.

(दृश्य: दोन्ही याद्यांत कासार, मग काळे. बोटं पुन्हा पहिल्या ओळीवर.)