अल्टाडीनाला महापौर नाही

(दृश्य: जळून गेलेली गल्ली. घरं नाहीत, विटांची धुराडी तेवढी उभी आहेत.)

7 जानेवारी 2025. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला ईटन खोऱ्यात आग लागली. वारं भणाणत होतं. साधारण तासाभराने तिथल्या अल्टाडीना या वस्तीच्या पूर्व भागाला घरं सोडायचा हुकूम गेला. पश्चिम भागाला तो मिळाला पहाटे साडेतीनच्या सुमाराला. दोन्ही भागांच्या मधे लेक अव्हेन्यू नावाचा एक रस्ता. आगीत 19 माणसं गेली. जवळजवळ सगळी या रस्त्याच्या पश्चिमेची.

आमच्याकडे निरोप इतक्या उशिरा का आला? पश्चिमेच्या लोकांचा प्रश्न साधा होता. पण विचारायचा कुणाला?

(दृश्य: नकाशा. 88 शहरं रंगवलेली, मधले तुकडे कोरे.)

अल्टाडीनाला महापौर नाही, नगरपालिका नाही. चाळीसेक हजार वस्ती, पण कायद्याच्या लेखी ते शहरच नाही. लॉस एंजेलिस काउंटीत 88 शहरं आहेत, आणि त्यांच्या हद्दीबाहेर साधारण 10 लाख माणसं राहतात. त्यांचा कारभार थेट काउंटीकडे. अल्टाडीनाची एक टाउन कौन्सिल आहे. 16 सदस्य, लोकांनीच निवडलेले. ते ठराव करतात, पण त्याची किंमत शिफारशीएवढीच.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण इथे वरून नेमलेला कलेक्टर नसतो. नियम करणारे, बजेट मंजूर करणारे आणि खात्यांवर लक्ष ठेवणारे तेच पाच सुपरवायझर, चार वर्षांसाठी निवडून आलेले. शेरीफही मतपेटीतूनच येतो. म्हणजे पोलीसप्रमुख मतं मागत फिरतो! 2022 मध्ये मतदारांनी त्याच्यावर लगाम घातला: पाचपैकी चार सुपरवायझर एकत्र आले, तर गंभीर कारणासाठी त्याला घरी पाठवू शकतात.

आता आकडे बघा. 1912 साली काउंटीची सनद, म्हणजे तिच्या कारभाराची मूळ नियमावली, मंजूर झाली, तेव्हा वस्ती 5 लाखांच्या आसपास होती आणि सुपरवायझर पाच. आज वस्ती सुमारे 1 कोटी. सुपरवायझर पाचच. एकेकामागे 20 लाख माणसं, आणि बजेट 45 अब्ज डॉलरच्या वर.

(दृश्य: सभागृह. माइकसमोर रांग.)

मंगळवारची बैठक. कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राउन कायदा आहे: कारभार उघड्यावर करायचा. नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावायची आणि येईल त्याला बोलू द्यायचं. मात्र वाट्याला येणार एखाद-दोन मिनिटं. घर गेलेल्या माणसाला ‘नमस्कार, मी अमुक गल्लीतला’ म्हणेपर्यंतच त्यातली काही सेकंदं सरतात. समोरचे पाच जण ऐकतात, काही टिपून घेतात, पण विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकत नाहीत. कायदाच तसा आहे, आणि त्यामागे कारण आहे: न सांगता ठराव उरकले जाऊ नयेत.

आगीची चौकशी सुपरवायझरांनी बाहेरच्या संस्थेकडे दिली. सप्टेंबर 2025 मध्ये अहवाल आला. जुनाट नियम, आणीबाणी खात्यात अपुरी माणसं, हुकूम नेमका कुणी द्यायचा यात अस्पष्टता.

(दृश्य: मतपत्रिका.)

गंमत अशी, की आगीच्या दोनच महिने आधी मतदारांनी ही चौकट बदलायला निसटता होकार दिला होता. प्रस्तावाचं नाव ‘मेझर जी’. पाचाचे नऊ सुपरवायझर होणार, आणि 2028 पासून काउंटीचा मुख्य कार्यकारीही लोक निवडणार. सुपरवायझर वाढवण्याचे असे प्रस्ताव त्याआधी अनेकदा पडले होते.

मग जुलै 2025 मध्ये एक भानगड उघडी पडली. 2020 साली मतदारांनीच मंजूर केलेला ‘मेझर जे’, म्हणजे काउंटीच्या स्वतःच्या मोकळ्या निधीतले किमान 10 टक्के वस्त्यांसाठी आणि तुरुंगाला पर्याय म्हणून खर्च करायचं कलम, सनदेच्या नव्या मसुद्यात आलंच नव्हतं. नवी सनद लागू झाली की ते आपोआप रद्द! वकिलांची फौज असलेल्या काउंटीच्या हे लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते ‘मेझर जी’ राबवण्यासाठी नेमलेल्या समितीवर बसलेल्या, शेजारच्या एका छोट्या शहराच्या माजी नगरसेवकाच्या.

(दृश्य: संध्याकाळ. लेक अव्हेन्यू.)

नऊ जण आले तरी एकेकामागे 11 लाख माणसं असतीलच. आणि अल्टाडीनाचा जो कुणी सुपरवायझर असेल, तो आजूबाजूच्या शहरांचाही असेल.